तात्या, तुम्ही निवडून आलात

तात्या,

मतमोजणीच्या हॉलमध्ये फोन नेऊ देत नाहीत. दारावरच्या हवालदारांनी माझा फोन पिशवीत घातला, वर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि मी आत गेले. म्हणून मला कळलं नाही. हे मी आता भेटेल त्याला सांगते. कोणी विचारलेलं नसतं, तरी सांगते. परवा मावशी म्हणाली, पुरे गो आता, तुला कोण दोष देतंय काय. दोष कोणी देत नाही, ते मला माहीत आहे. पण सगळ्या रोह्याला ठाऊक होतं, मला एकटीला ठाऊक नव्हतं, आणि त्याच वेळी मी तुमची मतं मोजत होते. हे माझ्या डोक्यात अजून बसत नाही.

आत तुमच्या बाजूने मी एकटीच होते. पहिल्या फेरीत तुम्ही तिसरे होता. मी आकडे लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, झालं, मी म्हटलं होतं तसंच झालं. दुसऱ्या फेरीत नदीअलीकडच्या आमच्या अष्टमी गावाची केंद्रं निघाली आणि तुम्ही दुसरे झालात. मग देवळाकडची आळी निघाली. तिथे आपल्याला काही मिळणार नाही, त्या आळीवर चपला झिजवू नका, असं मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं. अधिकाऱ्यांनी आकडा वाचला. मला वाटलं त्यांनी नावांची अदलाबदल केली. मी उभी राहिले आणि पुन्हा वाचा म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचला. तोच आकडा. शेजारच्या खुर्चीवर समोरच्या उमेदवाराच्या बाजूचे गृहस्थ बसले होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

शेवटच्या फेरीनंतर नगराध्यक्ष म्हणून तुमचं नाव पुकारलं. मी फोन घ्यायला थांबले नाही. पळत फाटकाबाहेर आले. आपली माणसं चिंचेखाली उभी होती. एकाच्या हातात गुलालाची पिशवी होती, न फोडलेली. मी लांबूनच सांगत सुटले, आलो आपण, आलो. कोणी हललं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. जवळ गेले तेव्हा पांडूमामा पुढे झाले, देवळाजवळचे नारळवाले पांडूमामा. त्यांनी माझा दंड धरला.

"निशा, तात्या नाय राहिले गो. सकाळीच."

मी त्यांना म्हटलं, पण ते जिंकलेत. मला वाटतं मी हे दोनतीनदा म्हटलं. मामा मान हलवत राहिले. व्हय, व्हय, म्हणत राहिले.

तुम्ही दाढी करत होता. काकी सांगतात, निकालाचा दिवस म्हणून तुम्ही सकाळीच आरसा ओटीवर नेऊन खिडकीत ठेवलात. त्या आत चहा गाळत होत्या. काही आवाज झाला नाही. चहा घेऊन आल्या तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होता आणि चेहऱ्याच्या एका बाजूला साबण तसाच होता. डॉक्टर आले आणि गेले. नंतर पांडूमामांनी कोमट पाणी मागून घेतलं आणि उरलेली दाढी केली. कुठे कापलं नाही. मी तिथे पोचले तेव्हा तुमचा चेहरा अगदी साफ होता, आणि मला त्याचाच जास्त धक्का बसला. एरवी तुमची दाढी कधी इतकी नीट झालेली मी बघितली नव्हती.

मला नीट लिहिता येत नाही, तात्या. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराशिवाय एवढं लांब कोणी काही लिहिलेलं नाही, आणि तो पेपरही मीच लिहिलेला. पण तुमच्याबद्दल जे लिहून येतंय त्यात जन्म कधी, नोकरी कुठे, संप किती, एवढंच आहे. मला तुमच्याशी बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

सुरुवात माझ्या प्रकल्पापासून झाली. राज्यशास्त्राच्या सरांनी गावातल्या निवडणुकीचं निरीक्षण करून लिहायला सांगितलं होतं. मी अष्टमीला मावशीकडे राहते, तुम्ही पुलापलीकडच्या बाजारपेठेत. चहाच्या टपरीवर तुम्हाला गाठलं. सगळे तुम्हाला चिडवत होते. टपरीवाला म्हणाला, तात्या, खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर काठी लागंल तुम्हाला. तुम्ही म्हणालात, काठी आणि खुर्ची एकाच लाकडाची असते, आणतो दोन्ही. मी वही उघडून विचारलं, आपण निवडून याल असं आपल्याला वाटतं का. तुम्ही उलट विचारलंत, तुला काय वाटतं? माझ्या तोंडून निघून गेलं, नाही. मला वाटलं आता हा माणूस रागावणार. तुम्ही कारणं विचारलीत. मी घाबरत घाबरत तीन सांगितली. एक, तुमचं वय. दोन, तुम्ही देव मानत नाही आणि ते लपवतही नाही. तीन, तुम्ही लाल बावट्याचे, आणि लाल बावट्याचं ऑफिस इथे कधीच बंद पडलंय, आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.

"उद्यापासून माझ्याबरोबर फिर," तुम्ही म्हणालात. "हो म्हणणारे खूप आहेत. एक नाही म्हणणारं माणूस जवळ पाहिजे."

अशी मी तुमची कार्यकर्ती झाले. माझं मत गडबला, आमच्या गावी, त्यामुळे तुम्हाला माझ्या मताचाही उपयोग नव्हता. बाबांना कळलं तेव्हा ते शेतावरून थेट फोनवर आले, शिकायला पाठवलीय, झेंडे धरायला नाय. मी त्यांना सांगितलं की हा अभ्यासच आहे. पहिला आठवडा ते खरंही होतं.

आपल्याला चिन्ह मिळालं कपबशी. तुम्ही इतके खूश झालात की चहा पिणारा प्रत्येक जण आपला, असं सांगत फिरलात. पत्रकं छापायला आपण एसटीने पेणला गेलो, कारण तिथला छापखाना तुमच्या शाळूसोबत्याचा. तिथून पुढे हमरापूरला तुमच्या भावाच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. मी एवढे गणपती एकत्र कधी बघितले नव्हते. ओळीने पांढरे, रंग न दिलेले, फळ्यांवर मांडलेले, काहींच्या सोंडा अजून ओल्या. तुमचे भाऊ हाताला रंग लागलेला तसाच घेऊन बाहेर आले आणि माझ्यासमोरच तुम्हाला बोलले, मूर्तीच्या पैशावर शिकलास आणि देवाला नाय म्हनतोस. तुम्ही म्हणालात, लहानपणापासून देव साच्यातून काढत होतो रे, भट्टीतून पाव काढावेत तसे, मानायचा कुठला? यावर भाऊ शांतपणे म्हणाले, मीपन तेच करतो रोज. आणि मानतो. मग तुम्ही दोघंही हसलात, आणि मला वाटलं हा वाद तुमच्यात मी जन्मायच्या आधीपासून चालू असणार. जाताना त्यांनी मत मागायला आपल्याबरोबर रोह्याला यायची तयारी दाखवली. तुम्ही नको म्हणालात. मूर्तिकाराचा भाऊ म्हणून मतं नकोत, असं तुमचं म्हणणं. एसटीत मी तुमच्याशी बोलले नाही. मला ते हट्टाचं वाटलं. अजूनही वाटतं.

तुमचा जाहीरनामा लांबलचक होता. झाडूवाल्यांना कायम करणं, अष्टमीच्या टोकापर्यंत नळाचं पाणी, आदिवासी वाडीतून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांना बसायला छप्पर. मी म्हटलं, कमी करा, कोणी वाचणार नाही. तुम्ही म्हणालात, मग आपण वाचून दाखवू. आणि खरंच दाखवलंत, प्रत्येक कोपऱ्यावर, चष्मा वर खाली करत. कोणीतरी म्हणायचं, लाल आला की कंपन्या पळतील. तुम्ही म्हणायचात, कंपन्या मला विचारून आल्या नाहीत, मला विचारून जाणारही नाहीत. लोक हसायचे. हसतात म्हणजे मत देतात असं नाही, हे मी वहीत लिहिलं होतं.

अष्टमीच्या सभेत एकाने वयाचं काढलं. तात्या, पाच वर्सं टिकाल काय? सगळी सभा हसली. तुम्हीही हसलात. मी गेलो तर दुसरा निवडा, म्हणालात, त्यात काय एवढं, खुर्ची माझ्याबरोबर जाळणार नाहीत.

पाच वर्षं सोडाच, तात्या. तुम्ही निकालाच्या दुपारपर्यंतही थांबला नाहीत. देवाचं म्हणाल तर ते लोक चुकले. लाल बावट्याचं म्हणाल तर चुकले. पण वयाचं जे म्हणत होते ते बरोबर निघाले, आणि ते आता तोंडावर येऊन म्हणतात, बघ, आम्ही म्हटलं नव्हतं? तुमचा मला राग येतो अशा वेळी. कोणाला सांगू हे.

मग तो फोटो आला.

दर वर्षी ग्रामदैवताची पालखी गावातून फिरते, दारोदार थांबते. बाजारपेठेच्या बोळात विजेच्या वायरी इतक्या खाली आल्यात की पालखीवरची छत्री त्यांना लागते, आणि छत्रीवर कळस पितळेचा. तुम्ही कंपनीत वायरमन होता. म्हणून किती वर्षं तरी तो बोळ तुमचाच. पालखी यायच्या आधी तुम्ही रबरी चपला घालून स्टुलावर चढायचात, सुक्या बांबूच्या आकडीने वायरी वर उचलून धरायचात आणि पालखी खालून जायची. दुसऱ्या कोणाला बांबू देत नव्हतात. पालखीला नमस्कार मात्र करत नव्हतात. गावाला याची सवय होती. बाहेरून आलेल्या मलाच ते विचित्र वाटायचं.

मतदानाला आठवडा राहिला असताना ग्रुपवर एक फोटो फिरायला लागला. या वर्षीच्या पालखीचा. खाली सगळ्या लोकांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि मध्ये तुमचा चेहरा, वर कुठेतरी बघणारा. फोटो खांद्यापाशी कापलेला. बांबू नाही, स्टूल नाही, वायरी नाहीत. खाली लिहिलं होतं, देवापुढे ज्याचे हात जुळत नाहीत त्याच्या हातात गाव देणार का?

दोन दिवसांत तो फोटो आपल्या आधी प्रत्येक घरात पोचला. आपण दारात गेलो की लोक पाणी विचारायचे आणि विषय बदलायचे. मी अष्टमीच्या स्टुडिओत गेले. पालखीचे फोटो तेच काढतात. त्यांच्याकडे पूर्ण फोटो होता. स्टुलावर तुम्ही, दोन्ही हात डोक्यावर ताणलेले, बांबूच्या टोकावर वायरींची झोळी आणि खालून जाणारी पालखी. इतका चांगला फोटो होता तो. मी तो माझ्या फोनवर घेतला. मी पळत तुमच्या घरी आले. काकी ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. तुम्ही फोटो बघितलात, बराच वेळ बघितलात आणि फोन मला परत दिलात.

"टाकायचा नाही."

मी म्हटलं, तात्या, त्यांनी टाकला तो खोटा आहे. तुम्ही म्हणालात, खोटा कसा? मी हात जोडले नव्हते, हे खरंच आहे. मी म्हटलं, अर्धा फोटो खोटाच असतो. तुम्ही म्हणालात, आणि पूर्ण टाकलास तर लोक काय म्हणतील? तात्या देवाचं काम करतो म्हणतील. मी देवाचं काम करत नव्हतो. कोणाला शॉक लागून मरण येऊ नये म्हणून उभा होतो. मी म्हटलं, मग खाली तसं लिहू. तुम्ही म्हणालात, खालचं कोण वाचतं?

जाहीरनाम्याच्या वेळी मीच तुम्हाला हे शिकवलं होतं.

काकींनी वाल सोलता सोलता मान वर केली. एवढं हाय तर एकदा हात जोडा, म्हणाल्या. देवासाठी नको, माझ्यासाठी जोडा. तुम्ही त्यांना म्हणालात, तुझ्यापुढे रोजच जोडतो. काकी म्हणाल्या, मी तरी कधी बघितलं नाय. तुम्हाला हसू आलं, पण त्यांना आलं नाही, आणि मलाही नाही. मला रडू येत होतं. मी म्हटलं, मतं जातील. तुम्ही म्हणालात:

"जाऊ देत, निशा. मी कोण आहे ते लपवून मतं मिळाली, तर पुढची पाच वर्षं तेच लपवत बसावं लागेल. माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत."

मी फोटो टाकला नाही. तुमच्यासमोर फोन पिशवीत टाकला आणि उठून निघाले. पुलावर येईपर्यंत मनात तुमच्याशी भांडत होते. माझं म्हणणं असं होतं, आणि आजही आहे, की लोकांना अर्धी गोष्ट माहीत असताना आपण गप्प बसणं हेही लपवणंच आहे. पूर्ण फोटो दाखवून, देव मानत नाही असं मोठ्याने सांगता आलं असतं. दोन्ही एकदम. हे मला तुम्हाला नीट सांगायचं होतं. निवडणूक झाल्यावर सांगू, असं ठरवलं होतं.

मतदान संपलं त्या संध्याकाळी तुम्ही ओटीवर पाय लांब करून बसला होता. पाय सुजले होते. मी आत जाऊन पाणी आणलं. तुम्ही विचारलंत, काय मग, अजून नाहीच का? मी म्हटलं, नाही. तुम्ही समाधानाने मान डोलावलीत. शाबास, म्हणालात.

तात्या, मला खरंच तसं वाटत होतं. म्हणून तसं म्हटलं. तुम्हाला खोटं चाललं नसतं. पण आता रात्री पडल्या पडल्या वाटतं, एकदा हो म्हणायला काय गेलं असतं माझं.

स्मशानात काही केलं नाही. तुमची इच्छा तशीच होती. हमरापूरहून तुमचे भाऊ आले. त्यांनी भटजींना बोलवायचं का विचारलं, काकी नको म्हणाल्या. तुळशीचं पान तरी, भाऊ म्हणाले. काकींनी अंगणातून पान तोडून आणलं होतं. मी बघितलं, त्यांच्या मुठीतच होतं. त्यांनी ते ठेवलं नाही. भाऊ मग कुंडलिका नदीच्या काठावर लांब जाऊन बसले, लोक पांगेपर्यंत आले नाहीत.

दोनतीन दिवसांनी चौकात मोठा फ्लेक्स लागला. मी कॉलेजला जाताना पुलावरूनच दिसला. तो फोटो होता. पूर्ण. स्टूल, बांबू, वायरी, पालखी, सगळं. तुमच्या डोक्यामागे कोणी तरी पिवळं तेजोवलय घातलं होतं. खाली लिहिलं होतं, देवकार्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या भाविक नेत्यास भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली समोरच्या उमेदवाराचं नाव आणि हात जोडलेला फोटो. ज्या ग्रुपवर अर्धा फोटो आला होता, त्याच ग्रुपवर हा आला. आता म्हणे निवडणूक पुन्हा होणार, आणि तुम्हाला मिळालेली मतं सगळ्यांना हवी आहेत.

मी रस्त्यात उभी राहिले. मागून रिक्षा हॉर्न वाजवत होती. तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. अगदी शब्दाला शब्द. पण तुम्ही जिवंत असताना फोटो आपण दाखवला असता, आपल्या शब्दांत दाखवला असता, तर आज त्यांना हे लिहायची हिंमत झाली असती का? बघा, मी अजून भांडतेय. तुम्ही बरोबर होता की मी, ते मला तो फ्लेक्स बघूनही ठरवता आलं नाही.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. गर्दी इतकी की तुमच्या एकाही सभेला नव्हती. काकी पहिल्या रांगेत, पदर डोक्यावर. एकेक जण उठला. एकाने सांगितलं की तुम्ही वरवर नास्तिक होता, आतून भक्त. दुसऱ्याने सांगितलं की तुम्ही एकांतात हात जोडताना त्याने बघितलंय. समोरच्या उमेदवाराने सांगितलं, ज्याने देवाची वाट मोकळी केली त्याला देवाने आपल्या पायाशी नेलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत. मग कोणी तरी म्हणालं, तात्यांची ती कॉलेजची मुलगी, तिने दोन शब्द बोलावेत.

मी कधी माइकवर बोललेले नाही. वर्गातही हात वर करत नाही. मी लिहूनही काही आणलं नव्हतं. मी म्हटलं:

"तात्या देव मानत नव्हते. आतूनही नाही, एकांतातही नाही. त्यांनी मला तसं स्पष्ट सांगितलं होतं. वायरी ते माणसांसाठी धरायचे. तुम्ही त्यांना निवडून दिलंत, तर ते जे होते त्याच माणसाला दिलंय. आता मेल्यावर बदलू नका."

यापुढे मला काही सुचलं नाही. माइक कुठे ठेवायचा तेही कळेना. व्यासपीठावर कोणी तरी खुर्ची सरकवली. मागून एकजण म्हणाला, खाली बसवा हिला. मला वाटलं, मी तुमचा शेवटचा कार्यक्रम बिघडवला.

तेव्हा पांडूमामा उठले. त्यांचा एक खांदा पालखी वाहून वाहून उतरता झालाय, ते उभे राहिले की लगेच ओळखू येतात. त्यांनी मलाच उद्देशून सांगितलं, आम्हाला काय नवीन सांगतेस गो? मग ते लोकांकडे वळले. सांगू लागले की पालखी बोळात आली की ते तुम्हाला दर वर्षी म्हणायचे, वर चढलायस तर एकदा नमस्कार टाक. आणि तुम्ही वरून म्हणायचात, तू तुझा देव सांभाळ, मी वायर सांभाळतो, दोघांची नजर खाली झाली तर सगळेच जातील. आणि त्यांनी तुम्हाला म्हटलेलं, तुझ्यासारखे आणखी चार झाले तर माझं नारळाचं दुकान बंद. लोक हसले. मामा हसले नाहीत.

"नमस्कार करीत नाय ते आमच्या आळीला तीस वर्सं दिसतंय. त्याला तो फोटो कशाला पायजे? अर्धा नको नि पुरा नको. मत दिलं ते ठाऊक होतं म्हनूनच दिलं. ह्यो मानूस मतासाठीपन हात जोडत नाय, तर उद्या दुसऱ्या कोनापुढं जोडनार नाय, एवढं कळतं आम्हाला."

एवढं बोलून ते बसले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. देवळाकडच्या आळीतल्या बायका काकींच्या मागेच बसल्या होत्या. त्यातल्या दोघीतिघींनी नुसत्या माना हलवल्या.

मी कागदावर तीन कारणं लिहिली होती, तात्या, आणि त्या आळीतल्या एकाही माणसाला काही विचारलं नव्हतं. तुम्ही रोज तिकडे का जात होता, ते मला आता थोडं कळतंय. थोडंच. कारण बाहेर पडताना टपरीवाला म्हणाला की हे सगळं ठीक आहे, पण तात्या आले ते दोन मोठ्यांत मतं फुटली म्हणून. तेही खरं असेल. तुम्हीही बहुधा तेच म्हणाला असता, आणि मला कागद पेन्सिल घेऊन बसवलं असतं. सरांना मी प्रकल्प दिलेला नाही. असा उमेदवार अध्यक्षपदाची निवडणूक जिंकू शकतो का, असा तो प्रश्न होता. शकतो, एवढं लिहिता येतं. पुन्हा जिंकेल का, ते मला लिहिता येत नाही.

सभा संपल्यावर मी काकींना घरी सोडायला निघाले. त्या हळू चालतात. बोळात आल्यावर त्या म्हणाल्या, बरं केलंस, मला ते बोलता आलं नसतं. दाराशी आल्यावर कुलूप काढता काढता थांबल्या.

"मी रोज दिवा लावते देवापुढं, तुला म्हाईत हाय. ते कधी आड आले नायत. फक्त एक म्हनायचे, माझ्यासाठी काय मागू नकोस त्याच्याकडं. नाय मागितलं मी कधी. आजारी पडले तेव्हापन नाय." त्यांनी किल्ली फिरवली, पण दार ढकललं नाही. "आता मागितलं तर चालेल काय गो?"

मी तासाभरापूर्वी सगळ्या गावासमोर माइकवर काय बोलले होते, ते त्यांनी ऐकलं होतं. म्हणूनच त्या मला विचारत होत्या.

मी म्हटलं, मागा.

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. मी तुम्हाला न विचारता तुमच्या वतीने उत्तर दिलं, तात्या. यावर तुम्ही माझ्याशी भांडला असता की नाही, मला खरंच सांगता येत नाही.